रिपोर्ट नॉर्मल आला आणि ताई रडली

"एमआरआय बिलकुल नॉर्मल है," डॉक्टर तिवारी म्हणाले, आणि माझी बहीण रडायला लागली.

मला आधी वाटलं, सुटकेचं रडू आहे. तीन दिवस आम्ही सगळे जीव मुठीत धरून बसलो होतो. मेंदूत गाठ असेल, नसांचा काही आजार असेल, काय काय मनात येऊन गेलं होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "झालं ना ताई, आता काही नाही."

तिनं मान हलवली. "तुला कळून नाही राहिलं, केदार. काहीतरी निघायला हवं होतं."

आपल्या डोक्यात काहीतरी निघावं अशी कुणाची इच्छा असू शकते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

डॉक्टर तिवारी फिल्म पाकिटात भरत होते, ते थांबले. उठून त्यांनी दार लोटून घेतलं आणि खुर्ची ओढून ताईच्या समोर बसले. "डॉक्टर साहिबा, बीमारी तो आपको है. बस फिल्म में दिखने वाली नहीं है."

मग त्यांनी तो शब्द उच्चारला. बर्नआउट.

बर्नआउट म्हणजे कामातून आलेला असा थकवा, जो एक-दोन सुट्ट्या घेऊन किंवा झोप काढून जात नाही. माणूस उठतो, कामावर जातो, पण आतलं बळ संपलेलं असतं. ज्या कामावर जीव होता त्याचीच भीती वाटायला लागते. मी हा शब्द कुठेतरी वाचला होता. नोकरीला कंटाळलेल्या लोकांचं काहीतरी असेल, असा माझा समज होता. अनघाताईला कामाचा कंटाळा आलेला आम्ही कधी पाहिला नव्हता.

खूप हुशार, खूप मेहनती आणि कधीच कुरकुर न करणारं माणूस ज्यांच्या घरात आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. आमच्या समोर सगळं घडत होतं आणि आम्हाला ते दिसलं नाही.

अनघाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती हिस्टोपॅथॉलॉजिस्ट आहे. ऑपरेशनमध्ये किंवा बायोप्सीत शरीरातून जो तुकडा काढतात, त्याच्या केसाहून पातळ चकत्या काचेवर घेऊन, रंगवून, मायक्रोस्कोपखाली पाहायच्या आणि सांगायचं, कॅन्सर आहे की नाही. पेशंट तिला कधी भेटत नाही. पेशंटला दिसते ती फक्त रिपोर्टखालची तिची सही. मंडला, नरसिंहपूर, कटनी, कुठून कुठून डॉक्टर तिच्याकडे अवघड स्लाइड पाठवतात. एमडीला तिला सुवर्णपदक होतं. दोन वर्षांपूर्वी हॉस्पिटलनं तिला विभागप्रमुख केलं.

मी अभ्यासात बेताचा. सदर या छावणीच्या बाजारात माझं चष्म्याचं दुकान आहे, डोळे तपासून नंबर काढतो. ताईनं लग्न केलं नाही. आई, मी, माझी बायको आणि ताई, आम्ही एकाच घरात राहतो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, असं आमचं तीन पिढ्यांचं चालू आहे.

पहिलं लक्षण माझ्याच दुकानात आलं. विभागप्रमुख होऊन दोन महिने झाले असतील. ताई दुपारी आली आणि म्हणाली, "नंबर बघ माझा. अक्षरं हलून राहिली."

मी तपासलं. नंबर तोच होता. महिन्याभरानं ती परत आली. मी परत तपासलं, डोळ्यांचं प्रेशर पाहिलं, बाहुली मोठी करून पडदाही पाहिला. सगळं ठीक. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी हसलो. म्हटलं, "ताई, डोळे ठीक आहेत तुझे. फ्रेम बदलून देतो, तेवढंच बरं वाटेल." आणि मी खरंच नवीन फ्रेममध्ये त्याच नंबरच्या काचा घालून दिल्या. तिनं त्या घेतल्या.

त्या दिवशी मी तिला समोर बसवून एवढं जरी विचारलं असतं, की अक्षरं नेमकी कधी हलतात, तर तिनं सांगितलं असतं. पुढे तिनं डॉक्टरांना सांगितलंच. अक्षरं फक्त सही करायच्या वेळी हलत होती.

इतर गोष्टीही होत्या. हाताला मुंग्या येत. रविवारी सकाळी ती गाडी काढून लॅबला जायची. आई विचारायची, "काहून गं, रविवारी पण?" तर म्हणायची, "एक स्लाइड परत पाहून येते." जी स्लाइड शनिवारी पाहून, रिपोर्ट लिहून झालेली असायची, तीच. मग रिपोर्टमधला एखादा शब्द बदलायची, कधी परत होता तसा करायची. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. आई नातेवाइकांना फोनवर सांगायची, "आमची अनघा एकेक रिपोर्ट तीनतीनदा बघते. तिची चूक म्हणून कधी होत नाही." मीही दुकानात येणाऱ्या फौजी मंडळींना हेच सांगायचो. ताई शेजारी असली की गप्प व्हायची. आम्हाला वाटायचं, विनय आहे.

मग फेब्रुवारीतला तो दिवस आला. मी तिथं नव्हतो. विश्वकर्माजींनी मला सांगितलं ते लिहितो. विश्वकर्माजी तिच्या लॅबमधले टेक्निशियन. स्लाइडसाठी चकत्या कापायचं काम ते ताईच्याही आधीपासून करतात.

त्या दिवशी फ्रोजन सेक्शन होतं. म्हणजे पेशंट ऑपरेशन टेबलावर बेशुद्ध असतानाच सर्जन तुकडा काढून लॅबमध्ये पाठवतो. तो गोठवून लगेच कापायचा, रंगवायचा आणि वीस-पंचवीस मिनिटांत फोनवर सांगायचं. तिशीतली एक बाई होती, अंडाशयात गाठ. साधी असेल तर तेवढी गाठ काढून पोट शिवायचं. कॅन्सर असेल तर मोठं ऑपरेशन, आणि मग तिला मूल होणं नाही. सर्जन हात थांबवून फोनची वाट पाहत होता.

ताईनं स्लाइड पाहिली. विश्वकर्माजी म्हणाले, दोन मिनिटांत तिला कळलं असावं, कारण ती मागे टेकली. पण तिनं फोन उचलला नाही. परत पाहिलं. परत मागे टेकली. ऑपरेशन थिएटरमधून फोन आला, वाजला, थांबला. ताईचा हात टेबलावर होता तो उचललाच जाईना. चेहरा घामानं भिजला होता. शेवटी फोन परत वाजला तेव्हा विश्वकर्माजींनी रिसीव्हर उचलून तिच्या कानाला लावला. ती म्हणाली, "बिनाइन है. कॅन्सर नहीं है." आवाज स्वच्छ होता. मग ती उभी राहिली आणि तिथंच कोसळली.

तिच्याच हॉस्पिटलात तिला भरती केलं. मी पोचलो तेव्हा ईसीजी झाला होता. ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, तो ठीक होता. रक्त घेतलं होतं. साखर ठीक, थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन थोडं कमी, बी-१२ बरंच कमी. डॉक्टर तिवारींनी बी-१२चं इंजेक्शन सुरू केलं, पण म्हणाले की एवढ्यानं हे सगळं होत नाही. हाताच्या मुंग्या आणि डोळ्यांची तक्रार, म्हणून एमआरआय सांगितला.

तीन दिवस आम्ही वॉर्डात होतो. आई घरून डबा पाठवायची. शेजारच्या पलंगावर एक म्हातारी बाई होती, तिच्या सुनेनं ताईला नावावरून ओळखलं. पिशवीतून जुना रिपोर्ट काढून दाखवला. "ये आपका ही साइन है ना मैडम? आपने जल्दी पकड़ लिया था, तभी अम्मा आज बैठी हैं."

ताई म्हणाली, "सर्जन अच्छे थे आपके."

सून म्हणाली, "सर्जन साहब तो आपका नाम लेते हैं."

ताईनं भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, दमली असेल.

मग एमआरआय झाला, आणि ती रडली, ते मी सुरुवातीला लिहिलं. रडणं थांबल्यावर तिनं डॉक्टर तिवारींना कारणही सांगितलं. गाठ निघाली असती तर मला काम सोडता आलं असतं, ती म्हणाली. कुणी काही बोललं नसतं. मी या कामाच्या लायक नाही हे कुणाला कळायच्या आत मी निघून गेले असते.

डॉक्टर तिवारी वयानं मोठे आहेत, साठीच्या आसपास. त्यांनी तिला समजावलं नाही, "असं काही नाही हो" म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "ये बात आप डॉक्टर सलूजा से कहिए. जैसे मुझसे कही, वैसे ही." आणि तिथूनच फोन लावून वेळ घेतली. डॉक्टर सलूजा मनोविकारतज्ज्ञ आहेत. त्या दिवशी तिवारी साहेबांनी घाई केली असती तर काय झालं असतं, हा विचार आजही माझ्या मनात येतो. बाहेर पेशंटची रांग होती. ते चाळीस मिनिटं बसले.

डॉक्टर सलूजांच्या खोलीत मी पहिल्या दिवशी बाहेरच होतो. दुसऱ्या वेळी त्यांनी मलाही आत बोलावलं. ताईनंच सांगितलं होतं, भावाला बसू द्या म्हणून.

डॉक्टर सलूजा पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. बोलणं हिंदीतच झालं, मी मराठीत लिहितोय. त्यांनी ताईला विचारलं, "तुमचा एमआरआय कुणी वाचला?"

"रेडिओलॉजिस्टनं."

"ओळखता त्यांना?"

"नाही. नवीन आलेत."

"मग नॉर्मल म्हणाले ते खरं कशावरून? तुम्ही दुसरीकडे फिल्म पाठवल्या? परत परत पाहिल्या?"

ताई म्हणाली, "नाही. ते शिकलेले आहेत, त्यांचं काम आहे ते."

"आणि तुम्ही?"

ताईनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग जे बोलली ते मी सख्खा भाऊ असून कधी ऐकलं नव्हतं.

एमडीच्या पहिल्या वर्षात तिनं एक स्लाइड चुकीची वाचली होती. रिपोर्ट बाहेर गेला नव्हता. तिच्या सरांनी त्याआधीच पाहून दुरुस्त केला. पेशंटला काहीही झालं नाही. शिकणाऱ्या मुलांचं काम मोठ्यांनी तपासायचं, म्हणूनच तर ती पद्धत असते. पण सर सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "ऐसे लोग भी सिलेक्ट हो जाते हैं आजकल." बस, एवढंच. सर विसरले असतील. वर्गातली मुलं विसरली असतील. ताई एकोणीस वर्षं ते वाक्य घेऊन रोज कामावर जात होती.

तिच्या मते, सुवर्णपदक मिळालं तर पेपर सोपा होता. नोकरी लागली तर दुसरा उमेदवार आलाच नव्हता. अवघड निदान बरोबर आलं तर तुक्का लागला, किंवा तीनदा पाहिलं म्हणून आलं. आणि विभागप्रमुख झाली तेव्हा तर तिला वाटलं, आता सगळ्यांच्या नजरेत आले, आता उघडं पडणार.

डॉक्टर सलूजांनी हे मला अगदी सोप्या शब्दांत सांगितलं. याला इम्पोस्टर फिनॉमेनन म्हणतात. म्हणजे आपण जे आहोत ते खरे नाही, लोकांना फसवून इथवर आलोय, असं सतत वाटत राहणं. हा वेगळा आजार म्हणून मोजत नाहीत, पण तो माणसाला आजारी पाडतो. ज्याला असं वाटतं तो दुप्पट काम करतो. दुप्पट काम केल्यानं काम चांगलंच होतं. मग लोक शाबासकी देतात. पण तो मनात म्हणतो, दुप्पट काम केलं म्हणून वाचलो, नाहीतर पकडलो गेलो असतो. म्हणून पुढच्या वेळी तिप्पट. यश आल्यावर भीती कमी व्हायला हवी, ती वाढते. शरीर कुठवर पुरणार?

मी विचारलं, "आम्ही घरचे इतकं कौतुक करायचो, ते?"

त्या म्हणाल्या, "कौतुक करा ना. पण 'ही कधी चुकत नाही' असं म्हणू नका. ते ऐकून तिला चुकायची अजून भीती वाटते."

परतताना मी स्कूटर चालवत होतो आणि ताई मागे बसली होती, म्हणून माझा चेहरा तिला दिसला नाही.

दीड महिन्याची रजा ठरली. झोपेसाठी आणि भीतीसाठी थोड्या डोसची गोळी. गोळी घ्यायला ताई तयार नव्हती. स्वतः डॉक्टर, पण म्हणायची, गोळी घेतली म्हणजे मी कमजोर ठरले. आईनं तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी समोर ठेवली आणि म्हणाली, "मी पंधरा वर्षं घेऊन राहिली. मी कमजोर आहे काय?" आई काय आहे ते आम्हाला माहीत आहे. ताईनं गोळी घेतली.

पहिले दहा दिवस फार वाईट गेले. रजेवर असणाऱ्या माणसाला बरं वाटतं असा आपला समज असतो. ताईला उलट झालं. काम होतं तोवर स्वतःला सिद्ध करायची जागा होती, ती गेली. ती नुसती बसून राहायची. टीव्ही लावला तर पाहायची नाही, बंद केला तर कळायचं नाही. असं झालं तर घाबरू नका. औषधाला दोन-तीन आठवडे लागतात, हे आम्हाला आधी सांगितलं होतं, तरी आम्ही घाबरलोच.

मी तिला सकाळी नदीवर, ग्वारीघाटला न्यायला लागलो. दुकान अकराला उघडतं, वेळ असायचा. एक दिवस होडीत बसलो. पलीकडच्या काठाजवळून परत येताना पाहतो तर ताई झोपलेली. बसल्या बसल्या, मान कलती, तोंड थोडं उघडं. कित्येक महिन्यांत तिला अशी गाढ झोपलेली पाहिली नव्हती. मी नावाड्याला खूण केली. तो म्हणाला, "सोने दो दीदी को, भैया. एक चक्कर और लगा देते हैं." त्यानं वल्ही इतकी हळू मारली की पाण्याचा आवाज होईना. त्या माणसाचं नावही मी विचारलं नाही, पण त्याचे उपकार मी विसरणार नाही.

तिसऱ्या आठवड्यात ताईनं राजीनामा लिहिला. सुंदर लिहिला होता, एकाही शब्दाची खाडाखोड नाही. मला वाचायला दिला. डॉक्टर सलूजांनी बजावलं होतं की रजेत असताना मोठा निर्णय घ्यायचा नाही, पण ताई म्हणाली, "आता मला बरं वाटून राहिलं, म्हणूनच लिहिला. शांत डोक्यानं लिहिला." मी कागदाची घडी करून तिला परत दिला.

त्याच दिवशी संध्याकाळी विश्वकर्माजी घरी आले. ते घमापूरला राहतात, आमच्या घरी कधी आले नव्हते. खुर्चीच्या काठावर बसले. आईनं चहा दिला. मग ते म्हणाले, "मैडम, वो फ्रोजन वाला केस. फाइनल रिपोर्ट आ गई थी. बिनाइन ही थी. पेशंट घर चली गई."

ताई म्हणाली, "अच्छा हुआ. तुक्का लग गया, विश्वकर्माजी."

विश्वकर्माजींनी कप खाली ठेवला. असे मवाळ गृहस्थ, पण आवाज चढला त्यांचा. "तुक्का? मैडम, मैं जो सेक्शन काटता हूँ, वो भी तुक्का है क्या?"

"नहीं, आप तो..."

"मेरी कटिंग सही. मशीन सही. स्लाइड का रंग सही. सर्जन साहब सही. सब सही, बस अकेली आप गलत? और गलत होकर भी इतने साल से जवाब सही आ रहा है? ये कैसा हिसाब है मैडम?"

ताई त्यांच्याकडे पाहत राहिली. मग ती हसायला लागली, हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. विश्वकर्माजी घाबरून उठले, माफी मागायला लागले. ताईनं त्यांना खाली बसवलं. "नहीं, आप बैठिए. एक बार और बोलिए."

त्यांनी परत सांगितलं नाही, लाजले. पण राजीनामा ताईनं पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी तो डॉक्टर सलूजांना नेऊन दाखवला आणि तिथंच ठेवून आली.

यानंतर सगळं छान झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. सहा आठवड्यांनी ती अर्ध्या दिवसासाठी कामावर गेली. दुसऱ्याच आठवड्यात एका सकाळी हॉस्पिटलबाहेर गाडीतच बसून राहिली, हात परत तसाच जड. तिनं मला फोन केला. आधी कधी केला नसता. मी दुकान उघडायचं सोडून गेलो, आम्ही पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं बसलो, मग ती आत गेली. त्या दिवशी तिनं फक्त चार रिपोर्ट केले. गोळ्या पुढे आठ महिने चालल्या.

डॉक्टर सलूजांनी तिला एक नियम दिला होता. स्लाइड परत पाहायची असेल तर आधी कागदावर कारण लिहायचं. स्लाइडमध्ये अमुक शंका आहे, असं लिहिता आलं तर जरूर पाहायची. "मला भीती वाटते" एवढंच लिहिता आलं तर पाहायची नाही, सही करायची. ताई म्हणते, पहिल्या दिवशी त्या कागदाकडे पाहून तिचा जीव कासावीस झाला होता. आणि खरी शंका असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत मागवायचं, न लाजता. हे ती आधी करत नसे. मत मागितलं तर कळेल की मला येत नाही, असं वाटायचं.

मला तिचं मोठेपण कशात वाटतं ते सांगतो. पदक, पद, ते आहेच. पण पंचेचाळिशीत आपल्या हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरांना समोर बसवून तिनं सांगितलं की मला काय झालं होतं, कुठली गोळी मी घेते, आणि एकोणीस वर्षांपूर्वी मी कुठली स्लाइड चुकले होते. कुणी तिला हे करायला सांगितलं नव्हतं. तिथली एक मुलगी दुसऱ्या दिवशी तिच्या केबिनमध्ये आली आणि दार लावून रडली. ताईनं तिला डॉक्टर सलूजांचा नंबर दिला.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर एवढं सांगेन. हातापायाला मुंग्या, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी असेल तर आधी डॉक्टरकडे जा आणि सगळ्या तपासण्या करा. मनाचंच आहे असं आपण घरी ठरवू नये. ताईचं बी-१२ खरोखरच कमी होतं. पण तपासण्या ठीक आल्या म्हणजे माणूस ठीक आहे, असंही ठरवू नका. आणि खूप यश मिळवणारं माणूस "नशीब होतं" असं वारंवार म्हणत असेल, तर तो विनयच आहे की आणखी काही, ते जवळ बसून विचारा. मी विचारलं नाही. मी फ्रेम बदलून दिली.

गेल्या महिन्यातली गोष्ट. ताईची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून संध्याकाळी मी तिला घ्यायला लॅबमध्ये गेलो. ती फोनवर होती. दोन शिकाऊ डॉक्टर आणि विश्वकर्माजी बाजूला उभे होते. केस नरसिंहपूरच्या एका कॉलेजातल्या मुलीची होती. मानेत गाठ. ताईला लिम्फोमाची शंका आली होती. लिम्फोमा म्हणजे मानेत, काखेत ज्या बारीक ग्रंथी असतात त्यांचा कॅन्सर. तिनं रिपोर्टमध्ये तशी शंका लिहिली, पण खात्री नाही असंही लिहिलं, स्लाइड बाहेर तज्ज्ञांकडे पाठवली आणि उत्तर येईपर्यंत उपचार सुरू करू नका म्हणून सर्जनला कळवलं. त्या दुपारी उत्तर आलं होतं. कॅन्सर नव्हता. हुबेहूब तशी दिसणारी, पण काही आठवड्यांत आपोआप बरी होणारी सूज होती.

ताई मुलीच्या वडिलांशी बोलत होती. हा फोन सर्जननं केला असता तरी चाललं असतं. "भाई साहब, मैंने जो शक लिखा था, वो गलत निकला. बिटिया को कैंसर नहीं है." पलीकडून एक मोठा हुंदका मलासुद्धा ऐकू आला. ताईनं घाई केली नाही. ते शांत होईपर्यंत फोन कानाला धरून बसली. मग कधी दाखवायला आणायचं ते नीट सांगितलं.

फोन ठेवल्यावर तिनं शिकाऊ डॉक्टरांना ती स्लाइड शिकवण्याच्या पेटीत ठेवायला सांगितली. त्यातल्या मुलानं लेबल लिहायला पेन काढलं आणि अडखळला. "मैडम, पहला ओपिनियन किसका लिखूँ?"

"मेरा," ताई म्हणाली. "पूरा नाम लिखो. और लिखो कि गलत था. कल सुबह सबको यही दिखाना है, बहुत सुंदर केस है."

त्यानं लिहिलं. तिनं वाचून पाहिलं, पर्स उचलली आणि म्हणाली, "चल केदार." साडेपाच वाजले होते, बाहेर अजून ऊन होतं.